नॉर्मल तोंडं

काव्यानं तळहाताएवढा आरसा रुमालानं कोरडा केला आणि धनाकडं पाहून मान हलवली.

"म्हण, अप्पा अप्पा अप्पा."

धना बोलायला लागल्यावर तिनं आरसा तिच्या नाकाखाली धरला आणि बोलणं संपायच्या आत काढून घेतला. आधी धरला किंवा उशिरा काढला, तर नुसत्या श्वासाचीच वाफ दिसते; प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिकवलेली ती पहिली गोष्ट होती.

"अ-आ, अ-आ, अ-आ."

ओठ मिटत होते, पण प उमटत नव्हता. त्याला लागणारी हवा टाळूच्या मागून नाकात निसटत होती आणि उरलेला आवाज उचकीसारखा घशात अडकत होता. आरशावर वाफेचे दोन गोल ठिपके होते.

"आलं का धुकं?" मागच्या बाकावरून निंगव्वानं विचारलं.

"आलं, आज्जी."

"कालच्यापरीस कमी हाय की."

"थोडं कमी आहे," काव्या म्हणाली. खरं तर तेवढंच होतं.

धना पाच वर्षांची. जन्मली तेव्हा तिचा टाळू मधोमध फाटलेला होता. ओठ मात्र अखंड, त्यामुळं वरून काही दिसायचं नाही. दीड वर्षाची असताना टाळू शिवला. शिवल्यावर आपोआप बोलेल, असं वळसंगच्या त्या घरात सगळ्यांना वाटलं होतं, आणि ते शिवणाऱ्यांपैकीही कुणी खोडून काढलं नव्हतं. आता सोलापुरातल्या या धर्मादाय रुग्णालयात नव्या स्पीच थेरपिस्टांना अशा मुलांवर उपचार करायला शिकवणार म्हटल्यावर धनाला शाळेतल्या बाईंनी इथं पाठवलं होतं. बरोबर आई राजेश्वरी आणि आजी निंगव्वा. वडील नंदीश पुण्याला कारखान्यात होते.

काव्या सोलापूरच्याच भवानी पेठेतली. मुंबईला चार वर्षं कान, घसा, मेंदू आणि आवाज शिकून नुकतीच घरी आली होती. एवढ्या शिक्षणात फाटलेल्या टाळूवर मोजकी लेक्चरं झाली होती, आणि खरं मूल तर एकही समोर आलं नव्हतं.

"आता उलटं करू," काव्यानं धनाचं नाक दोन बोटांनी हलकेच चिमटीत धरलं. "बायि तेगी, धना. मोठं. आता म्हण."

तोंड उघड, हे धनाला कानडीत सांगितलं की लगेच कळायचं. राजेश्वरी घरी तसंच म्हणायची. मूल तान्हं असल्यापासून रोज दूध पाजल्यावर ओल्या फडक्यानं टाळू पुसायचा, म्हणून रोज तोंड उघडायचं. त्या तोंडाचा कानाकोपरा राजेश्वरीइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

"अप्पा," धना म्हणाली. बंद नाकानं, पण प आला. आईकडं वळून ती हसली. राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला.

"रोज घरी असाच सराव घ्यायचा," काव्या तिला म्हणाली. "तुम्ही आधी म्हणायचं, मग तिनं. जेवणाआधी, झोपायच्या आधी. जमेल ना?"

राजेश्वरीनं सासूकडं पाहिलं. उत्तर निंगव्वानं दिलं.

"ती न्हाय घेणार. मी घेते."

"आज्जी, मी ताईंना शिकवलंय."

"ती अक्कलकोटला चाललीया, माहेरी. दिवस गेल्यात तिला. शिमग्याला ग्रहण हाय. तितंच बसू दे अंधारात, बाळंत हून येऊ दे. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल." निंगव्वानं कमरेची तपकिरीची डबी काढली. "पोरीवर आता तिचा हात नको."

धनाचे कान तपासायला वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. राजेश्वरी तिचा हात धरून जिन्याकडं गेली. जाताना धना 'अप्पा, अप्पा' म्हणत होती, स्वतःचं नाक स्वतःच धरून.

"हात नको म्हणजे?" काव्यानं विचारलं.

निंगव्वाला सांगायला काही संकोच नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती बोलली. धना पोटात असताना सूर्याचं ग्रहण लागलं होतं. सगळं बंद होतं, रस्त्यावर पोलीस होते, ते वर्ष. घरातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, निजून राहा, कशाला हात लावू नको. आणि हिनं काय केलं, तर परड्यातली काकडी काढून विळीवर कापून खाल्ली. लई तहान लागली, म्हणे.

"काकडी कापली, पोरीचा टाळू कापला. पाच वर्षं झाली, विळीला हात लावू दिला न्हाय मी तिला."

काव्याला पहिल्या दिवसाची आठवण झाली. जेवणाच्या सुट्टीत तिनं राजेश्वरीपुढं सफरचंद आणि चाकू केला होता. राजेश्वरीनं हात असे मागं ओढले होते, जणू चाकू तापलेला होता. मी कापत न्हाय, म्हणाली होती. काव्याला वाटलं, उपवास असेल.

"पाच वर्षं?" काव्यानं विचारलं. "मग भाजी कशी चिरतात?"

"मी चिरते. मी नसले तर ती हातानं मोडती. गवार, भेंडी, समदं मोडती. कांदा बुक्कीनं फोडती. चाललंय की."

काव्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं मनातल्या मनात महिने मोजले आणि सरळ मुद्द्यावर आली.

"आज्जी, धनाचा जन्म दिवाळीच्या सुमाराचा. ग्रहण जूनमध्ये लागलं. म्हणजे तेव्हा पाचवा महिना असणार. टाळू तिसऱ्या महिन्यातच जुळून येतो. जुळायचा नसेल तर तेव्हाच राहतो. ताईंनी काकडी कापली तेव्हा तो आधीच उघडा राहिलेला होता."

निंगव्वानं सगळं नीट ऐकून घेतलं. चिमूटभर तपकीर ओढली.

"तुमच्या पुस्तकात असंल तसं, बाय," ती मायेनंच म्हणाली. "तू अजून पोर हाय. तुझं लगीन हू दे, मग बोलू." आणि मग, विषय मिटला अशा सुरात, "मला काय येत न्हाय का शिकवायला? ऐक. म्हण धने, अप्पा. म्हण, पाटी. हां?"

काव्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. आजींचा आवाज नाकातला होता, तपकीर ओढणाऱ्यांचा असतो तसा.

गुरुशांत दारातून डोकावला. तोही तिच्याबरोबर शिकत होता. करकंबचा, आणि सारखा कुणाची तरी फिरकी घेणारा.

"काव्याबाई, तुमची किती झाली? माझी दहा पूर्ण. चहावाल्यालाही सोडलं नाही."

दहा तोंडांचा नियम प्रशिक्षण देणाऱ्या वैजयंती मॅडमचा होता. तीस वर्षं त्या अशाच मुलांमध्ये काम करत होत्या. फाटलेला टाळू ओळखायचा असेल तर आधी न फाटलेले पाहा, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकानं आजच्या आत दहा नॉर्मल तोंडं टॉर्चनं तपासून सांगायची, पडजीभ कशी, टाळू वर जातो कसा, रंग कसा. सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली, मग वॉचमनचं, मग नर्सबाईंची. काव्याची नऊ झाली होती.

ती निंगव्वाकडं वळली. रागात होती, पण एक तोंड समोर होतं.

"आज्जी, तुमचं तोंड बघू का? आम्हाला शिकायला निरोगी माणसांची बघावी लागतात."

निंगव्वा खूश झाली. "बघ की. दाढा समद्या हायत्या माझ्या. एक पडली न्हाय." कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांना धक्का लागू नये म्हणून पदर मागं सारून तिनं तोंड उघडलं.

काव्यानं लाकडी पट्टीनं जीभ दाबली, टॉर्च लावला. दाढा खरंच होत्या सगळ्या. तिनं उजेड मागं नेला.

पडजीभ एक नव्हती. एका देठाला दोन बोरं लागावीत तशी ती खालच्या टोकाला दोन होऊन लोंबत होती. "आ म्हणा," काव्या म्हणाली, आणि टाळू वर गेला तेव्हा मधोमध, समोरून मागं, एक निळसर पातळ पट्टी दिसली. वरची कातडी अखंड, खालचा स्नायू जुळलेलाच नाही. पुस्तकातल्या चित्रात असते, अगदी तशी.

"मॅडम, बायफिड! दुभंगलेली पडजीभ," ती जोरात म्हणाली. आवाजात आनंद होता. तो तिलाही ऐकू आला, पण तोवर उशीर झाला होता. गुरुशांत टॉर्च घेऊन धावला, त्याच्यामागं आणखी दोघी. चार डोकी निंगव्वाच्या तोंडावर वाकली आणि ती म्हातारी, पाहुण्यांना घर दाखवावं तशी, जबडा ताणून बसून राहिली.

"तिकीट लावलंय का?" वैजयंती मॅडम मागं येऊन उभ्या होत्या. "व्हा बाहेर सगळे. काव्या, तू थांब."

त्यांनी हातमोजा घातला, निंगव्वाची परवानगी घेतली आणि एका बोटानं टाळूचा मागचा काठ चाचपला. हाड जिथं सलग लागायला हवं तिथं बोट किंचित आत गेलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पाणी पिताना हसू आलं तर नाकात येतं का हो?"

"येतं की. चा बी येतो. समद्यांस्नी येतो की."

मॅडम काव्याला घेऊन व्हरांड्यात आल्या.

"ऐकलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं.

तीन दिवस काव्या निंगव्वाचा हा आवाज ऐकत होती. तपकिरीनं नाक चोंदलं तर न आणि म दबतात, सर्दी झाल्यासारखे. निंगव्वाचे न आणि म मोकळे होते. हवा गळत होती ती प आणि ट म्हणताना. आताच, याच बाकावर, तिनं अप्पा म्हणून दाखवलं होतं. धनाचं ऐकायला शिकलेल्या कानांनी आजीचं ऐकलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "पण मॅडम, म्हणजे हे घराण्यातूनच आलंय. आणि या बाईनं सुनेला पाच वर्षं..." तिनं विळीचं सगळं सांगितलं. "मी आत्ता राजेश्वरीताईंना सांगते. त्यांच्यासमोरच सांगते."

"घराण्यातून आलं असेल. नसेलही. आपल्याला ते ठामपणे माहीत नाही, आणि माहीत असतं तरी ते आजींचा गुन्हा झालं नसतं. तू उपचार करतेयस की न्यायनिवाडा?"

"पण ताई गरोदर आहेत. त्यांना कळायला नको?"

"हवं. म्हणून आजींना विचार. तोंड त्यांचं आहे, काव्या. तू शिकायला म्हणून उघडायला लावलंस. आत दिसलं ते त्यांचंच. त्या हो म्हणाल्या तर सांग."

काव्या परत आत आली तेव्हा निंगव्वा बाकावर नव्हती. टेबलाशी उभी होती. तळहाताएवढा आरसा तिनं लुगड्याच्या पदरानं पुसून कोरडा केला होता.

"आज्जी."

निंगव्वानं वळून पाहिलं नाही. "अप्पा अप्पा अप्पा," ती म्हणायला लागली, म्हणता म्हणता आरसा नाकाखाली धरला आणि थांबायच्या आत काढला. तीन दिवस बाकावरून पाहून तिला ते बरोबर जमलं होतं. मग तिनं आरसा उजेडाकडं केला.

वाफेचे दोन ठिपके हळूहळू विरून गेले. तिनं पुन्हा पुसला, पुन्हा धरला. पुन्हा पाहिलं.

"पडजीभ दोन हाय म्हणाली न्हवं ती पोरगी, भाईर जाताना."

"हो, आज्जी. वरची कातडी जुळलेली आहे, म्हणून कधी कुणाला कळलं नाही. धनाचं उघडं राहिलं, तुमचं आतल्या आत. फार थोडं."

निंगव्वा बाकावर येऊन बसली. तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत खोचली. ती हातातल्या आरशाकडं बघत राहिली. काव्याला वाटत होतं ती रागावेल, नाही म्हणेल, पुस्तकातलं म्हणून पुन्हा उडवून लावेल. काव्याकडं सगळ्या उत्तरांची तयारी होती.

"मग माझ्या आईनं काय कापलं हुतं?" निंगव्वानं विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

काव्याची सगळी तयारी त्या एका प्रश्नापुढं गळून पडली. "काही नाही, आज्जी," ती शेवटी म्हणाली. "कुणीच काही कापलं नव्हतं."

"लहानपणी माझं दूध नाकातनं यायचं म्हणं. आईला तिची सासू लई बोलायची. मी दाराआड बसून ऐकायची. कशावरनं बोलती ते आईनं मला कधी सांगितलं न्हाय." तिनं आरसा मांडीवर पालथा ठेवला. "गेली ती. आता कुणाला इचारू?"

जिन्यावर पावलं वाजली. वरून धनाचा आवाज येत होता. काव्या घाईनं खाली वाकली.

"आज्जी, ताईंना सांगू का? बाळासाठी कळलेलं बरं. तुम्ही म्हणाल तरच."

"न्हाय." निंगव्वानं तिच्या हातात आरसा ठेवला. "माझं त्वांड हाय. तू बोलायचं न्हाय."

काव्या सरळ उभी राहिली. मघाचा राग परत आला, आणि या वेळी त्याला कुठं जायला वाटच नव्हती. मॅडमनी दाराशीच कुलूप लावून किल्ली या म्हातारीकडं दिली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिघी मागच्या व्हरांड्यात बसल्या, उन्हाची तिरीप येत होती तिथं. काव्या टेबलावरचं सामान आवरता आवरता खिडकीतून पाहत होती. निंगव्वानं फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, परड्यातली एक लांब काकडी आणि मिटायचा छोटा चाकू. रोज ती चाकू उघडायची, काकडी सोलायची, फोडी करून धनाच्या आणि सुनेच्या पुढ्यात ठेवायची.

आज तिनं चाकू उघडला आणि हातात धरून बसली. मग तो उलटा करून, मूठ पुढं, राजेश्वरीच्या समोर फडक्यावर ठेवला. शेजारी काकडी ठेवली.

"काप," ती म्हणाली.

राजेश्वरीचे हात मागं गेले. दोन्ही. पाठ भिंतीला लागली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, भीती होती; कुणी काहीतरी शाबीत करायला डाव टाकावा आणि तो ओळखू यावा, तशी.

"नको, अत्ती. दिवस गेल्यात मला."

"ग्रहण न्हाय आज. काप."

"नको म्हणते की. मी काय केलं?"

निंगव्वा काहीतरी सांगायला गेली. ओठ हलले, पण शब्द येईना. तिनं एकदा खिडकीकडं पाहिलं, जणू काव्यानं ते तिच्या वतीनं बोलावं. काव्या हातात टॉर्च घेऊन जागच्या जागी उभी राहिली. ती बोलू शकत नव्हती.

मग निंगव्वा सुनेच्या अगदी जवळ सरकली, उन्हाकडं तोंड केलं, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं.

राजेश्वरीला आधी काही कळलंच नाही. ती सासूच्या त्या उघड्या तोंडाकडं नुसती बघत राहिली. धना मधे डोकं घालायला लागली, तिला तिनं बाजूला केलं. मग हळूहळू तिच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. ती पुढं वाकली. ते बघणं काव्याच्या ओळखीचं होतं. कुठं पाहायचं हे कुणी सांगायची तिला गरज नव्हती.

"बायि तेगी," राजेश्वरी म्हणाली. धनाला म्हणायची तसंच, एकेरीत. "अजून."

निंगव्वानं जबडा आणखी ताणला. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. उन्हामुळं असेल, ताणामुळं असेल. राजेश्वरीनं दोन बोटांनी तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं थोडं वळवलं आणि पाहिलं. घाई न करता पाहिलं. जणू त्या पाच वर्षांतला एकेक दिवस तिथं आत कुठं ठेवला होता.

आता काहीतरी होईल, असं खिडकीतल्या काव्याला वाटलं. रडणं, ओरडणं, गळ्यात पडणं.

राजेश्वरीनं हनुवटी सोडली.

"धना माझ्यासंगं अक्कलकोटला येणार," ती म्हणाली. "सराव मी घेणार तिचा."

निंगव्वाचं तोंड अजून उघडंच होतं. मिटायचं भान तिला राहिलं नसावं. तशीच तिनं मान हलवली, व्हय म्हणून.

राजेश्वरीनं फडक्यावरची काकडी उचलली. चाकू जिथं होता तिथंच राहिला, मूठ तिच्याकडं केलेला. तिनं काकडी दोन्ही हातांत धरली, गुडघ्याला टेकवली आणि कटकन मोडली. अर्धी धनाला दिली. उरलेली अर्धी, सासूकडं न पाहता, ती स्वतः खायला लागली.